कोणत्या माउलीचे दूध?

आमच्या दिंडीतले विणेकरी बुवा नातीविषयी म्हणतात, "पांडुरंगानेच राखली!" खरेच आहे. पण सज्जनहो, तो आला कोणत्या रूपाने, ते पाहू.

पोर आठव्या महिन्यातच जन्मली. वजन अवघे १४०० ग्रॅम! आईला दूध उतरेना. तेव्हा मुंबईच्या इस्पितळात दुग्धपेढीचे दूध मिळाले. अशी आशियातली पहिली पेढी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली निघाली. बाळंतिणी आपले जास्तीचे दूध देतात. अनेकींचे एकत्र करून ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवतात, मग गोठवून ठेवतात. कुणाचे दूध कुणाच्या पोटी गेले, जात कोणती, कोण विचारतो? आपला गोपाळकाला तरी याहून निराळा काय!

दिंडीकऱ्यांनी आळीपाळीने डबे पोचवले. आम्ही गेलो दोनच दिवस. सांगायला लाज वाटते. बाप मात्र तासन्‌तास पोरीला उघड्या छातीशी धरून ऊब देत बसे.

नवसाचा आपल्या पंथात महिमा नाही, हे बुवा जाणतात. पण ऋण फेडायचे कसे? त्या बायांची नावेही ठाऊक नाहीत. म्हणून यंदाच्या वारीत बुवा, वाटेत लेकुरवाळी दिसली की वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देत आणि तिच्या पायांवर डोके ठेवीत.