खारपाणपट्ट्यातल्या गावात साहित्य संमेलन कसं भरवावं

१९५८ साली मालवणला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्षपदी कवी अनिल होते, म्हणजे मूर्तिजापूरला जन्मलेले आत्माराम रावजी देशपांडे. समुद्राकाठच्या गावाने अध्यक्षपदाचा मान वऱ्हाडातल्या माणसाला दिला. पुढे १९६१ला ग्वाल्हेरच्या संमेलनात अमरावतीच्या कुसुमावती देशपांडे अध्यक्ष झाल्या, आणि या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. मोठी संमेलनं वऱ्हाडातही झाली. अकोल्यात १९१२ला ह. ना. आपटे अध्यक्ष होते आणि १९८१ला गो. नी. दांडेकर, तर अमरावतीत १९८९ला के. ज. पुरोहित. पण ती सारी शहरात भरली. गावातला माणूस तिथे गेलाच तर मागच्या खुर्चीवर बसला.

आपल्याकडे समुद्र नाही, तरी पूर्णेच्या दोन्ही अंगांना विहिरीचं पाणी खारंच आहे. त्या खारपाणपट्ट्यातल्या, दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या बाजूच्या एखाद्या दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात दीड दिवसाचं संमेलन कसं उभं करायचं ते सांगतो. कामाला हात घालण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. संमेलन ऐकणाऱ्यासाठी असतं. तारीख, जागा, जेवण, पाहुणे, सगळं ऐकणाऱ्याच्या सोयीने ठरवा.

२ ऑक्टोबर : ठराव आणि तारीख

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय मांडा आणि ठराव लिहून घ्या. समिती अकरा जणांची पुरे. त्यात निदान चार बाया हव्यात, एक शाळेचे शिक्षक, एक गुरुदेव सेवा मंडळाचा माणूस. तुकडोजी महाराजांची मंडळं वऱ्हाडात गावोगावी आहेत. सामुदायिक प्रार्थनेमुळे वेळेवर बसणं, वेळेवर उठणं त्या लोकांच्या अंगात मुरलेलं असतं. सतरंज्या, खंजिरी आणि स्वयंसेवक तिथे आयते मिळतात.

तारखेसाठी पंचांगाआधी शेताकडे पाहा. दिवाळीपासून कापसाची वेचणी जोरात असते, डिसेंबर-जानेवारीत तूर सोंगून खळ्यावर येते आणि फेब्रुवारी सरता सरता हरभरा आणि गहू हाताशी येतात. दहावी-बारावीच्या परीक्षाही त्याच वेळेला. म्हणून संक्रांतीनंतरचा शनिवार-रविवार धरा. तूर बहुतेक घरी आलेली असते आणि वेचणीही ओसरलेली असते. संक्रांतीचा आपल्या साहित्याशी जुना संबंध आहे. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १४ जानेवारी १९२३ला अमरावतीत झाली. मात्र गावचा आठवडी बाजार रविवारी असेल तर दुपारचं सत्र ठेवू नका. त्या दिवशी मजुरांना आठवड्याची मजुरी मिळालेली असते आणि घरातल्या बाईला बाजार करायचा असतो. तिला मंडपात बसायला सांगणं बरं नाही.

जागा शाळेचं मैदान. शाळा व्यवस्थापन समितीचं पत्र, पोलीस ठाण्यातून ध्वनिक्षेपकाचा परवाना आणि महावितरणकडून तात्पुरती जोडणी, ही तीन कागदं डिसेंबरच्या आत हातात पाहिजेत. निवडणूक जवळ असेल तर आचारसंहिता कधी लागू शकते ते तहसीलमध्ये विचारून ठेवा.

पैसा लोकवर्गणीचा आणि पावतीपुस्तकाचा. बँकेत दोन सह्यांचं खातं उघडा. ज्याच्याकडे रोख नाही त्याच्याकडून तूर घ्या, गहू घ्या, गोवऱ्या घ्या आणि त्याचीही पावती फाडा. देणगीदारांचे फोटो लावलेले फ्लेक्स छापू नका. त्या पैशात पुस्तकं येतात.

नोव्हेंबर-डिसेंबर : गावाला आधी वाचतं करा

सगळ्यांत जास्त मेहनत इथे घ्या, कारण बाकीचं सारं भाड्याने मिळतं. पाहुणा येण्याआधी पाहुण्याचं पुस्तक गावात आलं पाहिजे. अध्यक्ष म्हणून ज्यांना बोलवायचं त्यांच्या एका पुस्तकाच्या दहा प्रती दिवाळीच्या आधी विकत घ्या. एक शाळेला द्या, एक वाचनालयाला आणि बाकीच्या बचत गटांना. आठवड्यातून दोन रात्री, भजन आटोपलं की मंदिराच्या सभामंडपात अर्धा तास मोठ्याने वाचन करा. वाचणारा बदलता ठेवा. अडखळत वाचणाऱ्या पोरीलाही पान द्या, ऐकणारे सांभाळून घेतात.

सुरुवात मात्र उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ने करा, अध्यक्ष कोणीही असोत. १९६०ची ही कादंबरी वऱ्हाडी बोलीत बोलते. कौतिकचं बोलणं कानावर पडलं की समोर बसलेल्या बाया एकमेकींकडे पाहतात, कारण ते त्यांच्या आईचं बोलणं असतं. आपण घरात बोलतो ती भाषा पुस्तकात असू शकते, हे एकदा पटलं की संमेलनाला या असं कोणाला सांगावं लागत नाही.

याच दोन महिन्यांत पाचवी ते नववीच्या पोरांना गावातलं तोंडी साहित्य गोळा करायला लावा. पोळ्याच्या झडत्या, जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, म्हणी, उखाणे, आखाड्यातल्या आणि पेरणीच्या आठवणी. पद्धत अशी:

१. दोन-दोन पोरांची जोडी करा. एकाकडे वही, एकाकडे घरचा मोबाइल. आजी-आजोबांना आधी विचारा, ‘हो’ म्हणाले तरच आवाज मुद्रित करा.

२. सांगणाऱ्याचं नाव, वय, माहेर किंवा मूळ गाव आणि तारीख पानाच्या वर लिहा. ओवी आजीसोबत माहेराहून आलेली असते. ते गाव लिहिलं नाही तर ओवीची वाट हरवते.

३. जसं ऐकलं तसंच लिहा. आजी ‘काया’ म्हणाली तर ‘काया’, ‘मले’ म्हणाली तर ‘मले’. शिक्षकांनी लाल शाईने दुरुस्त करू नये, हे त्यांना आदराने पण स्पष्ट सांगा.

४. तीच झडती दुसऱ्या आळीत वेगळी मिळाली तर दोन्ही ठेवा. खरी कोणती हा वाद घालू नका.

५. लिहिलेलं त्याच माणसाला परत वाचून दाखवा. राहिलेली कडवी तेव्हा आठवतात.

ही पद्धत आपल्याच मातीतली आहे. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून, पारखून गोळा केल्या, त्यातून ‘लीळाचरित्र’ झालं. मराठी भाषा विद्यापीठ आता तिथेच आहे. ग्रंथदिंडीच्या आधी शाळेची एक सहल रिद्धपूरला न्या. पाचवीतल्या पोराला आपण करतोय ते काम किती जुनं आहे, हे तिथे कळेल.

पाहुणे

बाहेरचे पाहुणे पाचच्या वर नकोत. एक अध्यक्ष, एक कथाकथन करणारे, एक गझल शिकवणारे आणि मेळघाटातून एक-दोन कोरकू कवी. धारणी-चिखलदरा अमरावती जिल्ह्यातच आहे, पण कोरकू मराठीच्या कुळातली भाषा नाही, ती मुंडा कुळातली. म्हणून कविता आधी पूर्ण कोरकूत म्हणू द्या, मधे थांबवू नका, आणि अर्थ मग मराठीत सांगा. प्रवासखर्च आणि मानधन आधी ठरवा, पाकीट आदल्या रात्रीच भरून ठेवा, आणि जाताना पाहुण्याला त्यासाठी कोणाला शोधत फिरायला लावू नका.

जानेवारीचा पहिला पंधरवडा : पाणी आणि रोडगे

खारपाणपट्ट्यात आधी पाणी, मग मंडप. विहिरीच्या आणि बोअरच्या खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ मऊ शिजत नाही आणि चहालाही चव येत नाही. चारशे माणसांना पिण्यासाठी दिवसाला माणशी तीन लिटर धरा, म्हणजे बाराशे लिटर, वीस लिटरचे साठ कॅन. वरणाचं आणि चहाचं पाणी याच्या वर वेगळं मोजा. धुण्या-भांड्यांना गावचं पाणी चालतं.

जेवण रोडग्यांचंच करा. शंभर माणसांना पंचवीस किलो गव्हाचं जाडसर पीठ, सात किलो तुरीची डाळ आणि वीस किलो वांगी पुरतात. पिठात मीठ, ओवा आणि कडकडीत तेलाचं मोहन घालून घट्ट मळायचं. लहान गोळ्यावर तेल लावलेली पारी चढवायची, तिच्यावर दुसरी, अशा तीन-चार. मग गोवऱ्यांचा हार पेटवायचा, ज्वाळा बसून निखारे झाले की त्यात रोडगे लावायचे, फिरवत राहायचे, आणि भाजले की राख झटकून तुपात मोडायचे. आच उघडी असते, म्हणून जागा निवडताना वाऱ्याची दिशा पाहा. कुटाराचे ढीग, पऱ्हाट्यांच्या गंज्या आणि घरात भरलेला कापूस यांच्यापासून हार लांब हवा. पाण्याचे दोन ड्रम आणि वाळूच्या बादल्या जवळ ठेवा आणि एक माणूस फक्त त्याच कामावर नेमा. रोडगे लावायला गावातले जाणते पुरुष बोलवा. स्वयंपाक गावच्या बायांच्याच गळ्यात पडला तर त्या मंडपात कधी बसणार?

शनिवार संध्याकाळ

पाच वाजता गाव झाडायचं. १८७६ला शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. हा क्रम संमेलनाने जसाच्या तसा घ्यावा. पाहुण्यांच्या हातीही खराटा द्या. १९८१च्या अकोला संमेलनाचे अध्यक्ष गोनीदा परतवाड्यात जन्मलेले, आणि तरुणपणी गाडगेबाबांच्या सहवासात राहिलेले. अध्यक्षाने झाडणं ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही.

साडेसातला बायांचं सत्र. जेवणं आटोपून बाया मोकळ्या होतात ती ही वेळ. ओव्या, भुलाबाईची गाणी, मग पोरांनी जमवलेल्यातल्या वेच्यांचं वाचन. ज्या आजीने ओवी दिली तिचं नाव घेऊन पोराने तिच्या समोर वाचायचं. रात्री १० ते सकाळी ६ भोंग्याला कायद्याने बंदी आहे, म्हणून पावणेदहाला खंजिरी भजनाने आटपा.

रविवार

सकाळी आठला ग्रंथदिंडी. पालखीत गावाने दोन महिने वाचलेली पुस्तकं आणि पोरांच्या वह्या ठेवा. दिंडी सगळ्या वस्त्यांतून गेली पाहिजे, कोणतीही आळी वगळू नका. मार्ग आधी पायी चालून लिहून काढा, म्हणजे ऐन वेळी कोणी तो आखडता घेणार नाही.

उद्घाटन चाळीस मिनिटांचं. मंचावर तीनच खुर्च्या. आमदार, सभापती आले तर पहिल्या रांगेत मानाने बसवा. शाल-नारळाचा सत्कार नको, प्रत्येकाला एक पुस्तक द्या. अध्यक्षीय भाषण वीस मिनिटं, आणि त्यानंतर अर्धा तास गावाचे प्रश्न. ज्यांनी पुस्तक वाचलंय त्यांचे प्रश्न ऐकून लेखक हरखतो, त्याला असे वाचक सहसा भेटत नाहीत.

अकरा ते एक दोन सत्रं शेजारी-शेजारी चालू द्या. वर्गखोलीत पंधरा तरुणांची गझल कार्यशाळा. सुरेश भट १९३२ला अमरावतीत जन्मले, आणि नवख्या कवींसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. तिच्या प्रती काढून हाताशी द्या, रदीफ-काफिया फळ्यावर शिकवा आणि प्रत्येकाकडून एक शेर लिहून घ्या. मंडपात त्याच वेळी झडत्यांचं सत्र. पोळ्याला तोरणाखाली दोन बाजूंनी झडत्या होतात, तशा दोन बाजू बसवा.

दुपारी जेवणानंतर एकच परिसंवाद, शेतीवर. इथे फार जपून वागा. आपल्या जिल्ह्यांतल्या गावात आत्महत्या झालेलं घर समोरच्या सतरंजीवर बसलेलं असतं. त्या घरच्या बाईला मंचावर बोलावून साडी देऊ नका, तिची ओळख करून देऊ नका. तिला बोलायचं असेल तर आधी घरी जाऊन विचारा, आणि ती म्हणेल तेवढंच बोलू द्या. कवींनाही सांगून ठेवा की फास, झाड आणि रडणारी पोरं यांच्यावर टाळी मिळवायची नाही. शेतकऱ्यावरची कविता जरूर वाचा, पण ती त्या बाईसमोर आपण वाचू शकू का, हे आधी स्वतःला विचारा. परिसंवादात पीक विमा, बियाणं, पाणी यावर बोलणारा निदान एक कष्टकरी असावा आणि त्याला प्राध्यापकाइतकाच वेळ मिळावा.

चारला कविसंमेलन. वीस कवी, प्रत्येकी एक कविता, चार मिनिटं. त्यातले निदान दहा पंचक्रोशीतले. नावं डिसेंबरातच घ्या, ऐन वेळच्या चिठ्ठ्या घेऊ नका. नवख्याला नावाजलेल्याच्या लगेच नंतर उभं करू नका, तो दबतो. सूत्रसंचालकाने आपल्या कविता मधे म्हणू नयेत. सहाला संपवा. जनावरांच्या धारा काढायच्या असतात.

२६ जानेवारी

मंडपवाल्याचे, कॅनवाल्याचे पैसे चार दिवसांत चुकते करा. उरलेली पुस्तकं वाचनालयात नोंदवा. गावात वाचनालय नसेल तर ग्रामपंचायतीच्या एका कपाटापासून सुरुवात करा आणि १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली ‘ड’ वर्गाच्या मान्यतेसाठी काय लागतं ते जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडून लिहून आणा. पोरांच्या वह्यांच्या तीन झेरॉक्स काढा. एक शाळेत, एक वाचनालयात, एक जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात. मूळ वही पोराकडेच राहू द्या.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत हिशेब मोठ्याने वाचा, तूर आणि गोवऱ्यांसकट, आणि त्याच दिवशी फलकावर लावा. मग पुढच्या वर्षी कोणाचं पुस्तक वाचायचं ते सभेलाच विचारा, आणि आलेली नावं ठरावाच्या वहीत लिहून घ्या.