भाड्याची भिंत, हातची कला आणि महाडचा पाऊस

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत भाड्याच्या घराच्या भिंतीवर काय लावता येईल हे आधी पाऊस ठरवतो, नंतर घरमालक. भाडेकरूची आवड त्यानंतर येते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. पोलादपुरात आंबेनळी घाटाच्या बाजूने उतरलेले ढग दिवसचे दिवस हलत नाहीत. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागद, कापड, लाकूड आणि खळ यांना बुरशी धरते. इथे पावसाळ्यात आर्द्रता त्याहून पुष्कळ वर असते. म्हणून मासिकांत आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत दिसणारी भिंतीची सजावट इथे जशीच्या तशी उचलून चालत नाही.

या भागात भाड्याने राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आलेली कुटुंबे, बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतले, एसटीतले आणि तहसील कचेरीतले कर्मचारी अकरा महिन्यांच्या करारावर घर घेतात. ते घर आपले वाटावे म्हणून चार भिंतींवर हातचे काही लावण्याची इच्छा रास्त आहे. ती पुरवताना काय होऊ शकते, हे प्रस्तुत लेखिकेच्या महाडमधील भाड्याच्या घरात एकाच पावसाळ्यात दिसून आले. बैठकीच्या खोलीतल्या पश्चिमेच्या भिंतीवर खाकी कागदावर काढलेली वारली पद्धतीची चित्रे पांढऱ्या डिंकाने सपाट चिकटवलेली होती. आषाढात कागदाचे कोपरे उचलले. श्रावणात कडेने करडे-हिरवे ठिपके आले, मधला भाग मात्र घट्ट बसलेला. पावसानंतर कागद ओढला तेव्हा त्याच्यासोबत डिस्टेंपर आणि खालची पुट्टी तळहाताएवढ्या पापुद्र्यांनी निघून आली आणि आतले सिमेंट उघडे पडले. घरमालकाने पूर्ण भिंत रंगवण्याचा खर्च डिपॉझिटमधून वळता केला. पुढची सगळी माहिती या आणि अशाच अनुभवांवर आधारलेली आहे, आणि तिचा गाभा एवढाच की या मुलखात भिंतीला काही चिकटवू नये. टांगावे, आणि जे टांगले ते पाऊस लागण्याआधी उतरवावे.

सजावटीचा विचार भिंत ओळखण्यापासून सुरू होतो. कोरड्या भिंतीवरून तळहात फिरवला आणि हाताला पांढरी पूड लागली तर वर चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. अशा भिंतीवर कोणतीही चिकटपट्टी धरत नाही, कारण पट्टी भिंतीला न चिकटता त्या पुडीला चिकटते. हाताला काही न लागणारी, किंचित तुळतुळीत भिंत प्लास्टिक इमल्शनची असते. तिच्यावर हलक्या वस्तूंसाठी ओढून निघणाऱ्या पट्ट्या चालतात. मात्र त्या लावण्याआधी जागा पुसून पूर्ण सुकवावी लागते, रंग नवा असेल तर काही दिवस थांबावे लागते, आणि काढताना पट्टी आपल्याकडे न ओढता भिंतीलगत खाली सावकाश ताणावी लागते. आपल्याकडे ओढली की रंगाचा तुकडा हातात येतो.

रंगाखाली काय आहे हेही महत्त्वाचे. काँक्रीटच्या खांबात आणि तुळईत साधा खिळा वाकतो आणि ठोकणाऱ्याच्या हट्टापायी गिलाव्याचा टवका उडतो. विटेच्या भिंतीत खिळा नीट बसतो. नव्या इमारतींतल्या हलक्या राखाडी ब्लॉकच्या भिंतीत तो सहज जातो आणि तितक्याच सहज सैल होतो. तिथे वजनदार वस्तूसाठी गिट्टी आणि स्क्रूच लागतो. जुन्या घरांतल्या दगडी किंवा चिऱ्याच्या भिंतीत सांध्यात खिळा मारावा, दगडावर नाही. विजेच्या बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीवर आडव्या रेषेत ड्रिल चालवू नये, कारण भिंतीतल्या वायरी बहुधा त्याच मार्गाने जातात.

यानंतर ओल. इथला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या बाहेरच्या भिंती झड खातात. न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि वरच्या मजल्यावर स्लॅबखालचा पट्टा हेही ओलीचे नेहमीचे ठिकाण. भिंत ओली आहे की हवा, हे कळण्यासाठी पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला बंद करून दोन दिवस ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला धरले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला धरले तर ती हवेतली आहे. भिंतीतून ओल येत असेल तर तिथे काहीही लावायचे नाही. रंगाचे पोपडे आणि त्याखाली पांढरा लोणा दिसत असेल तर ही परीक्षा करण्याचीही गरज नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगणे आवश्यक आहे. ओलीचा डाग, पोपडा किंवा भेग झाकण्यासाठी चित्र, पडदा किंवा गोधडी लावण्याची सवय सर्रास दिसते. ती धोक्याची आहे. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडमध्ये काजळपुरा भागातली पाच मजली निवासी इमारत कोसळली आणि 16 माणसे गेली. तेव्हापासून या शहरात भिंतीवरच्या भेगेकडे कोणीही शोभेचा प्रश्न म्हणून पाहू नये. केसाएवढी, गिलाव्यापुरती भेग वेगळी. खांबावर, तुळईवर किंवा दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी आणि दर महिन्याला रुंदावणारी भेग वेगळी. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, फोटो काढावा आणि घरमालकाला लेखी कळवावे. ती भिंत उघडीच राहू द्यावी.

कोरडी भिंत सापडली की टांगण्याची सोय पाहावी. भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूंनी मारलेले खिळे, पडद्याचे रॉड, दारांच्या लाकडी चौकटी आणि जुन्या घरांत खुंट्या असतातच. नवे भोक पाडण्याआधी हे सगळे वापरून संपवावे. दोन जुन्या खिळ्यांमध्ये एक बारीक बांबू किंवा लाकडी पट्टी आडवी टांगली तर तिच्यावरून सुतळीने पाच-सहा वस्तू सोडता येतात आणि भिंतीला एकही नवे भोक पडत नाही. मोठे चित्र टांगायलाच हवे असेही नाही. घडवंचीवर, कपाटावर किंवा कोनाड्यात भिंतीला टेकवून ठेवलेले चित्र तितकेच चांगले दिसते.

वस्तूंपैकी कागद सर्वांत नाजूक. चित्राला काच लावायची असेल तर काच आणि कागद यांच्यामध्ये पुठ्ठ्याच्या चौकटीइतके अंतर हवे. नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना रंग काचेवर राहतो. घराघरांत असलेल्या शिवाजी महाराजांच्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या तसबिरी, घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो यांचेही असेच नुकसान होते. फ्रेमवाल्याकडून मागे साध्या पुठ्ठ्याऐवजी सनबोर्ड लावून घ्यावा. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवाव्यात. त्यामुळे फ्रेम भिंतीपासून बोटभर सुटी राहते, मागून हवा खेळते आणि भिंतीवर काळसर चौकट उमटत नाही. इतका स्वस्त आणि इतका उपयोगी उपाय दुसरा नाही.

वारली पद्धतीचे चित्र घरी काढणाऱ्यांनी तिचा मूळ व्यवहार ध्यानात घ्यावा. पालघर-ठाण्याकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात. तो त्या लग्नापुरता असतो, कायम टिकावा म्हणून नसतो. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कागदावरच्या चित्राला टिकायचे असते, म्हणून तिथे तांदळाचे पीठ वापरू नये. पिठावर बुरशी येते आणि कसर लागते. पांढरा ॲक्रिलिक रंग घ्यावा आणि शक्यतो जाड सुती कापडावर काढावे. कापड धुता नाही आले तरी उन्हात घालता येते, गुंडाळता येते, आणि बदली झाली की ट्रंकेत जाते. खळ लावून चिकटवलेली कोलाजे आणि पिठाच्या लगद्याच्या वस्तू इथे दुसरा पावसाळा क्वचितच पाहतात.

गोधडी ही भिंतीसाठी फार चांगली वस्तू आहे आणि ती बहुतेकांच्या घरात असते. जुन्या साड्यांच्या तुकड्यांची, आजीच्या हातच्या धावदोऱ्याची गोधडी खाटेखाली पडून राहण्यापेक्षा भिंतीवर असणे केव्हाही चांगले. मात्र तिचे कोपरे खिळ्याला अडकवू नयेत, कापड ताणून फाटते. मागच्या बाजूला वरच्या कडेला रुंद नेफा शिवावा, त्यातून काठी घालावी आणि काठीची दोन टोके दोन खिळ्यांवर ठेवावीत. वजन सगळ्या रुंदीवर सारखे वाटले जाते. नेफा जुन्या शिवणीवर न शिवता फक्त मागच्या अस्तराला शिवावा, म्हणजे मूळ काम शाबूत राहते.

सूप, रोवळी, जुने इरले या बांबूच्या वस्तू भिंतीवर शोभतात आणि बुरुडाकडून घेतल्या तर त्याच्या हाताला काम मिळते. घेताना बांबू पुरता वाळलेला आहे का ते पाहावे. ओल्या बांबूला भुंगा लागतो आणि वस्तूखाली पिठासारखी पिवळसर पूड पडू लागते. पूड दिसताच वस्तू उतरवून कडक उन्हात अनेक दिवस ठेवावी, नाहीतर भुंगा घरमालकाच्या लाकडी चौकटीतही जातो. सूप रंगवायचे असल्यास दोन्ही बाजूंनी रंगवावे. मागची बाजू कोरी राहिली तर बुरशी तिथूनच सुरू होते. गोणपाटाच्या आणि लोकरीच्या शोभेच्या वस्तू ओल धरून ठेवतात. त्या इथे हिवाळ्या-उन्हाळ्यापुरत्याच.

यावरून सजावटीचे वर्ष ठरते. दिवाळीच्या आगेमागे ऑक्टोबरचे ऊन भिंतींतली ओल काढते. तेव्हा वस्तू लावाव्यात. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या वळवानंतर लगेच, कागद आणि कापड उतरवावे, दिवसभर उन्हात घालावे, गार होऊ द्यावे आणि कडुलिंबाची वाळलेली पाने घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवावे. गरम असताना गुंडाळले तर ट्रंकेतच घाम धरतो. पावसाळ्यात भिंती रिकाम्या राहिल्या तर काही बिघडत नाही. त्या काळात काच, तांबे-पितळ, भाजलेली माती यांच्या वस्तू लावता येतात. गौरी-गणपतीला भिंत उजळ हवी असते, तेव्हा मागे धुतलेली साडी किंवा रंगवलेले कापड चौकटीवर ताणून उभे करावे आणि विसर्जनानंतर काढावे. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, शिवाय तो चिकटवताना भिंतीचा रंग जातो.

तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी पुराची तयारी वेगळी लागते. 22 जुलै 2021 च्या पुरात महाडच्या बाजारपेठेतले तळमजले पाण्याखाली गेले आणि ओसरताना पाणी भिंतीवर चिखलाचा थर ठेवून गेले. सावित्री आणि गांधारी या दोन नद्यांच्या कुशीत असलेल्या शहरात हा पहिला पूर नव्हता. घर घेताना शेजाऱ्यांना पाणी कुठवर आले होते ते विचारावे. ती रेषा प्रत्येकाला ठाऊक असते. एकमेव असलेली वस्तू, म्हणजे आजोबांचा फोटो किंवा आईचे भरतकाम, तळमजल्यावर जूननंतर भिंतीवर ठेवूच नये. मोबाइलवर तिचा चांगला फोटो काढून मूळ वस्तू वरच्या मजल्यावर किंवा गावी पाठवावी. उरलेल्या वस्तू हुकावरून एका हाताने उतरतील अशा टांगाव्यात. पाणी चढू लागल्यावर स्क्रू काढायला वेळ मिळत नाही, आणि वस्तूंसाठी कोणी मागे थांबूही नये.

शेवटचा भाग कराराचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. करारात बहुधा नेहमीच्या वापराची झीज वगळून घर होते तसे परत द्यावे अशी अट असते, पण खिळ्याचे भोक झीज की नुकसान यावरच वाद होतात. म्हणून किती खिळे, कोणत्या भिंतीवर आणि जाताना भरून देणार की तसेच ठेवणार, हे दोन ओळींत करारात लिहून घ्यावे. निदान घरमालकाला मेसेज करून त्याचा होकार जपून ठेवावा. राहायला आल्याच दिवशी सामान लावण्याआधी प्रत्येक भिंतीचा तारखेसह फोटो काढावा, विशेषतः ओलीच्या डागांचा, आणि तो त्याच दिवशी मालकाला पाठवावा. रंगाची कंपनी आणि शेड क्रमांकही तेव्हाच विचारून ठेवावा.

घर सोडताना भोके टूथपेस्टने बुजवू नयेत. ती आकसते आणि पिवळी पडते. सुटा गिलावा खरवडून, भोक ओले करून पुट्टी भरावी, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासावी आणि मग रंग द्यावा. जुना रंग उन्हाने फिका झालेला असतो, त्यामुळे त्याच शेडचा ठिपकाही उठून दिसतो. भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवली तरच फरक कळत नाही. हे काम पावसाळ्यात करू नये, पुट्टी वाळत नाही. करार जुलै-ऑगस्टमध्ये संपत असेल तर भोके मे महिन्यातच बुजवून घ्यावीत आणि घराच्या किल्ल्या देताना मालकाला प्रत्येक भिंतीसमोर उभे करून डिपॉझिटचा हिशेब तिथेच लेखी करावा.