धून आधी, बातम्या नंतर

आकाशवाणीची ती धून आठवते? प्रक्षेपण सुरू व्हायच्या आधी ती वाजत राहायची. १९३० च्या दशकात मुंबई केंद्रावर आलेल्या वॉल्टर कॉफमन यांनी ती रचली. आधार शिवरंजनी रागाचा. मला तिच्या गोडव्याइतकंच तिचं काम आवडतं. काटा फिरवणाऱ्याला ‘स्टेशन लागलं’ ही खूण ती द्यायची.

आता सातपुड्यातलं, नर्मदाकाठचं मणिबेली घ्या. १०० मेगाहर्ट्‌झच्या एफएमची तरंगलांबी जेमतेम ३ मीटर. डोंगराआड तिची सावली पडते. १ मेगाहर्ट्‌झच्या मीडियम वेव्हची ३०० मीटर. ती डोंगराला बऱ्यापैकी वळसा घालते. शिवाय तिला दिवसा शोषणारा आयनांबरातला ‘डी’ थर रात्री विरतो, अन् वरच्या थरांवरून परतून लांबची केंद्रंही लागतात. मग एकात एक स्टेशनं घुसतात, खरखर वाढते. अशा वेळी शब्द कळायच्या आधी कान धून पकडतो.

सरदार सरोवराचं पाणी १९९३ मध्ये मणिबेलीत शिरलं. अशा गावांना सेलवरचा रेडिओ म्हणजे चैन नव्हे. आज मीडियम वेव्हचे प्रक्षेपक एकेक करून बंद होताहेत. एफएमचा आवाज स्वच्छ, कबूल! पण बटण दाबण्याआधी डोंगरापलीकडच्याला काय ऐकू येतं, ते इंजिनिअरने तिथे जाऊन ऐकावं, एवढंच मला म्हणायचंय.