दिशादर्शक यंत्र आणि हिवाळ्यातील निर्जन वाटा

उपग्रहांच्या साह्याने मार्ग दाखविणारे ‘जीपीएस’ आज बहुतेक यात्रेकरूंच्या मोबाइलमध्ये असते. किमान चार उपग्रहांचे संदेश घेऊन आपण पृथ्वीवर कोठे आहोत, एवढेच ते मुळात सांगते. पुढील रस्ता नकाशावरून निवडला जातो. आणि नकाशात रेघ आहे म्हणून ती वाट त्या दिवशी वाहनास जाण्याजोगी असेलच, असे नव्हे.

मार्च २०११ मध्ये कॅनडातील एक साठीकडे झुकलेले दांपत्य मोटारीने अमेरिकेतील लास वेगासकडे निघाले होते. ऑरेगन राज्यातील बेकर सिटी सोडल्यावर यंत्राने त्यांना नेवाडाच्या उत्तर भागातील डोंगरांतून जवळची वाट दाखविली. अंतर खरोखरच कमी होते. परंतु ती जंगलातील कच्ची वाट. उन्हाळ्यात जेमतेम चालणारी आणि मार्चमध्ये बर्फ व चिखलाने भरलेली. गाडी रुतली. तीन दिवसांनी पती तेच यंत्र हाती घेऊन माउंटन सिटी या गावाकडे मदतीसाठी पायी निघाले. पत्नी गाडीतच थांबल्या. थोडा सुकामेवा, काही गोळ्या आणि बर्फाचे पाणी यांवर त्यांनी सुमारे सात आठवडे काढले व मे महिन्यात त्या जिवंत सापडल्या. पतीचे अवशेष मात्र पुढील वर्षी, २०१२ मध्ये, हाती लागले.

आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून हा धोका परका मानता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कळसूबाईकडे निघालेली एक मोटार नकाशाच्या भरवशावर रात्री जुन्या रस्त्याने गेली. तो रस्ता पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे पोहून वाचले, चालकाचा अंत झाला.

हिवाळ्यात हिमालयाकडे अथवा घाटमाथ्यावर जाणाऱ्या भाविकांनी मुक्काम सोडण्यापूर्वी पुढील रस्त्याची चौकशी स्थानिकांकडे करावी. एसटीचा चालक किंवा चहावाला जे सांगेल, ते पडद्यावर दिसत नाही. कोणत्या मार्गाने जात आहोत, हे घरी कळवून ठेवावे. शोध घेणाऱ्यांना त्याचाच आधार असतो. पाणी, कोरडा शिधा व घोंगडी गाडीत असावी. गाडी निर्जन जागी अडकल्यास व आसरा म्हणून सुरक्षित असल्यास ती सोडून दूर जाऊ नये. माणसापेक्षा मोटार लवकर दृष्टीस पडते.