गावासाठी ऑनलाइन सूचना फलक : निवड आणि चाचणी

कामाची सूचना योग्य वेळी आणि बिनचूक सर्व घरी पोहोचणे, हे विस्तारकार्याचे महत्त्वाचे अंग होय. दवंडी, चावडीवरील फळा आणि शाळेच्या भिंतीवरील फलक ही या कामाची जुनी व परिचित साधने आहेत. मोबाइल फोनचा प्रसार झाल्यापासून ऑनलाइन सूचना फलकाची त्यांत भर पडली आहे. अशी साधने अनेक असून त्यांपैकी काही विनामूल्य मिळतात. परंतु साधन मिळाले म्हणजे ते गावास उपयोगी पडेलच असे नाही. नवे बियाणे सर्व शेतात पेरण्यापूर्वी आपण ते एका वाफ्यात पेरून पाहतो. तद्वत् या साधनाचीही प्रथम लहान प्रमाणावर चाचणी घ्यावी.

फलकाची गरज का भासते?

समजा, कालव्याच्या पाण्याच्या पाळीचा दिवस बदलला. गव्हाच्या पिकास पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, पाणी मिळणे अगत्याचे असते. पाणीवापर संस्थेने हा बदल सकाळी व्हॉट्सॲप गटावर कळविला; परंतु सायंकाळपर्यंत त्यावर शुभेच्छा, चित्रे आणि गप्पा यांचे थर चढले. ज्याने संदेश पाहिला नाही त्याची पाळी हुकली आणि पीक ऐन गरजेच्या वेळी तहानलेले राहिले. येथे दोष त्या शेतकऱ्यास देता येणार नाही. संभाषणासाठी असलेले साधन सूचनेसाठी वापरले, हे त्याचे कारण होय.

संभाषणात नवा संदेश आला की जुना मागे पडतो. फलकावरील सूचना मात्र मुदत संपेपर्यंत आपल्या जागी राहते आणि उशिरा येणाऱ्यासही दिसते. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे निवड सोपी होते.

थोडा पूर्वेतिहास

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील बर्कली येथे १९७३ साली ‘कम्युनिटी मेमरी’ या नावाने एका दुकानात संगणकाशी जोडलेले यंत्र ठेवण्यात आले. नागरिक त्यावर स्वतःच्या सूचना लिहीत व इतरांच्या वाचीत. हे यंत्र नेहमीच्या कागदी सूचना फलकाशेजारीच ठेवलेले होते. पुढे १९७८ साली शिकागो येथे वॉर्ड क्रिस्टेनसेन व रँडी स्यूस यांनी दूरध्वनीच्या तारेवरून चालणारा फलक सुरू केला. त्यावर एका वेळी एकासच प्रवेश मिळे. आज साधने पुष्कळ सुधारली आहेत. तथापि नवा फलक जुन्याच्या शेजारी ठेवण्याची बर्कली येथील रीत आपणासही उपयोगी आहे.

साधनांचे प्रकार

गावपातळीवर साधारणतः तीन प्रकारांचा विचार करावा.

१. केवळ व्यवस्थापकांनाच संदेश पाठविता येईल असा व्हॉट्सॲप गट. लोकांस तो परिचित असतो आणि गप्पांचा थर त्यावर चढत नाही.

२. पॅडलेटसारखा चिठ्ठ्या लावण्याचा फलक. तो लिंकवरून उघडतो. व्यवस्थापकाने परवानगी दिल्यास खाते नसलेल्यांसही त्यावर लिहिता येते आणि प्रत्येक चिठ्ठी मंजुरीनंतरच दिसेल अशी व्यवस्था करता येते.

३. गूगल क्लासरूमसारखे शाळेच्या कामाचे साधन. ते अभ्यासासाठी सोयीचे आहे. परंतु प्रत्येकास खाते लागत असल्याने सर्व गावाच्या सूचनांसाठी अवजड ठरते.

चाचणीची रीत

१. एकच काम निवडावे. पालकसभा, पाण्याची पाळी किंवा बचत गटाची बैठक यांपैकी एक पुरे.

२. सुमारे २० घरे निवडावीत. त्यांत गावठाणातील घरांबरोबर दूरच्या वस्तीवरील, जुना फोन असलेली आणि फोन नसलेली घरेही असावीत. केवळ उत्साही तरुणांची घरे घेतल्यास चाचणी खोटी ठरते.

३. फलक सांभाळण्यासाठी दोन व्यक्ती नेमाव्यात. एक परगावी गेल्यास दुसरीने काम पाहावे. पासवर्ड दोघांकडेही असावा.

४. प्रत्येक सूचनेत काम, स्थळ, वार, तारीख, वेळ आणि सूचना देणाऱ्याचे पद लिहावे. मुदत संपलेली सूचना त्याच दिवशी काढावी. शिळ्या सूचना राहिल्यास लोकांचा फलकावरील विश्वास उडतो.

५. तीच सूचना शाळेच्या अथवा चावडीच्या फळ्यावरही खडूने लिहावी.

६. तीन आठवडे हा क्रम चालवावा. प्रत्येक सूचनेनंतर दुसऱ्या दिवशी घरोघरी जाऊन ‘सभा किती वाजता आहे?’ असा साधा प्रश्न विचारावा आणि उत्तर वहीत नोंदवावे.

शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. फलक किती जणांनी उघडला हा आकडा पुरेसा नाही. समजा, २० पैकी १४ घरांस वेळ ठाऊक आहे. तर उरलेल्या सहा घरांची कारणे शोधावीत. अक्षर बारीक, वस्तीवर जोडणी नाही, फोन दिवसभर मुलाजवळ, वाचता येत नाही, ही कारणे निरनिराळी असून त्यांचे उपायही निरनिराळे आहेत. कोठे आवाजात ध्वनिमुद्रित केलेली सूचना उपयोगी पडेल, तर कोठे शेजाऱ्याने दिलेला निरोप.

दोन खबरदाऱ्या

पहिली मुलांविषयी. मुलांची नावे, छायाचित्रे, गुण वा पालकांचे फोन क्रमांक खुल्या फलकावर लावू नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या केंद्रीय कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे.

दुसरी नोंदींविषयी. परक्या जागेवरील फलक केव्हाही बंद होऊ शकतो. याहू ग्रुप्स २०२० साली, शाळांसाठी असलेले एडमोडो २०२२ साली आणि गूगलचा जॅमबोर्ड हा फळा २०२४ च्या अखेरीस बंद झाला. म्हणून मजकूर उतरवून घेण्याची सोय आहे की नाही, हे आरंभीच पाहावे आणि महत्त्वाच्या सूचनांची प्रत दरमहा संस्थेच्या दप्तरी ठेवावी.

समारोप

तीन आठवड्यांनंतर वहीतील नोंदी सभेपुढे ठेवाव्यात आणि साधन ठेवावे, बदलावे की सोडावे, याचा निर्णय सर्वांनी मिळून घ्यावा. साधन सोडावे लागल्यास चाचणी वाया गेली असे समजू नये. कोणत्या घरी निरोप पोहोचत नाही, हे त्या निमित्ताने कळलेले असते. फलक कितीही सुबक असला, तरी वस्तीवरील शेवटच्या घरास पाण्याची पाळी वेळेवर कळली की नाही, यावरूनच त्याची पारख करावी. ते घर फोनवाचून असेल, तर खडूचा फळा व तोंडी निरोप यांस रजा देऊ नये.