कॅपची जागा सोडू नका

२०१९ साली मी बारावी झालो. सीईटीला ६४ पर्सेंटाइल. इंजिनिअरिंगच्या सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, पहिल्या फेरीत जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिलला नंबर लागला, पण मला पुणं हवं होतं आणि कॉम्प्युटरच हवं होतं. ओळखीच्या एकाने ‘संस्थेच्या कोट्यातून करून देतो’ म्हटलं आणि आम्ही हातातली जागा सोडली. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, ठेव मोडून पहिली फी भरली.

दिवाळीनंतर शिष्यवृत्तीची कागदपत्रं घेऊन मी कॉलेजच्या खिडकीवर गेलो. बाईंनी कॅपचं अ‍ॅलॉटमेंट लेटर मागितलं. ते नव्हतंच. “मग राजर्षी शाहू योजना तुला लागू नाही, बाळा,” म्हणत त्यांनी उत्पन्नाचा दाखला घडी घालून परत दिला. त्या दाखल्यासाठी आण्णांनी तहसीलला तीन खेपा घातल्या होत्या. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर या योजनेत निम्मी शिक्षण फी सरकार भरतं, पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. हे आम्हाला जूनमध्ये कुणीच सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

पुढची तीन वर्षं शैक्षणिक कर्जावर काढली. शिकत असताना हप्ता नसतो, व्याज मात्र चढत राहतं.

माझा चुलतभाऊ माझ्याच वर्गातला. दहावीच्या मार्कांवर तो सरकारी तंत्रनिकेतनात डिप्लोमाला गेला, तेव्हा घरात सगळे हळहळले. तीन वर्षांनी तो इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसला, तोही कॅपमधून. आमची दोघांची डिग्री २०२३ सालीच झाली. त्याच्या डोक्यावर कर्ज नव्हतं, आणि मध्येच थांबावं लागलं असतं तरी हातात डिप्लोमा होता.

म्हणून कॉलेजची इमारत बघण्याआधी शुल्क नियामक प्राधिकरणाने त्याला मंजूर केलेली फी बघा. चारही वर्षांची बेरीज मांडा, त्यात खोलीभाडं आणि मेस धरा. घरात मुलगी असेल तर आणखी नीट चौकशी करा: २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची पूर्ण शिक्षण फी माफ आहे, पण तिथेही उत्पन्नाची मर्यादा आठ लाखच आणि प्रवेश सरकारी प्रक्रियेतूनच लागतो. दाखले निकालाची वाट न बघता एप्रिल-मेमध्येच काढा. जूनमध्ये सेतू केंद्रावर अख्खा तालुका रांगेत असतो.