बाळंतिणीस सोय हवी

बाळंतिणीच्या खोलीत पाहुणा शिरला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दूध पुरतं ना बाळाला?" विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, परंतु रात्रभर जागलेल्या, टाके दुखत असलेल्या मुलीच्या कानी तो परीक्षेच्या प्रश्नासारखा पडतो. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आम्हांस एवढेच मांडावयाचे आहे की, बालकाच्या दुधाची काळजी एकट्या आईवर टाकणे अन्यायाचे आहे. ती काळजी हलकी करणे हे घर, रुग्णालय, कामाची जागा आणि आपल्यासारख्या संस्था यांचे काम होय.

प्रथम शरीराचा नियम पाहू. मूल जितके ओढील तितके दूध तयार होते. "पुरत नाही" या भीतीने गरज नसता वरचे दूध देत गेल्यास मुलाचे ओढणे कमी होते आणि मग आईचे दूधही खरोखरच घटते. दूध उतरण्यास ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक लागते. वेदना, भीती व संकोच यांमुळे त्याचा स्राव अडतो. म्हणजे "हिला दूधच नाही" हे आईच्या कानावर वारंवार घालणे हेच दूध अडण्याचे एक कारण होऊन बसते. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक थोडाच असतो, आणि बालकाचे पोटही तेवढेच लहान असते. आरंभी त्याचे वजन थोडे उतरते व साधारण दोन आठवड्यांत भरून येते. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा वा अधिक वेळा लघवी होणे आणि पुढे वजन वाढत जाणे, ही दूध पुरत असल्याची खूण. केवळ रडण्यावरून निष्कर्ष काढू नये. मूल सुस्त पडले, ओढीनासे झाले किंवा लघवी कमी झाली, तर मात्र त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.

आता व्यवस्थेकडे वळू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात शेकडा ८८.६ बाळंतपणे रुग्णालयांत होतात. तथापि जन्मानंतर एका तासाच्या आत अंगावर घेतलेली बालके शेकडा ४१.८ एवढीच आढळली. आई रुग्णालयात पोहोचली, परंतु मूल वेळेवर तिच्या कुशीत पोहोचले नाही. हा दोष आईच्या अज्ञानाचा कसा म्हणावा? जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९९१ मध्ये बालस्नेही रुग्णालयांची योजना सुरू केली. माय-लेकरांस एकाच खोलीत ठेवणे, शिकलेल्या परिचारिकेने शेजारी बसून पाजण्यास मदत करणे, कारणाविना दुसरे दूध न देणे, हे तिचे सार. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी स्थापिली, तीही अशीच एक सोय. १९९२ च्या कायद्याने बालदुधाच्या डब्यांच्या जाहिराती व मातांना फुकट नमुने वाटणे यांस बंदी केली. प्रसूतीसाठी रुग्णालय निवडताना या गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात.

नोकरदार आईची रजा २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ वरून २६ आठवडे झाली, आणि पन्नास वा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर बंधनकारक ठरले. पण आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या व पोळ्या लाटणाऱ्या बाईंच्या पदरी ही रजा पडत नाही. काम सुटेल या धास्तीने त्या महिन्या-दीड महिन्यात परततात आणि त्यांचे मूल घरी वरच्या दुधावर राहते. येथे सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यांची रजा आपल्याच हाती आहे.

पूर्वी ही सोय माहेर करीत असे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, अंगाला तेल, आणि रात्री मूल घेऊन बसणारी आजी! त्याबरोबर पाहुण्यांची रीघ आणि चार तोंडांचे चार सल्लेही असत. मध व घुटी चाटवण्याची चालही होती. ती सोडणेच योग्य, कारण पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा लागत नाही, आणि मध तर वर्षाच्या आत देऊच नये. आज आपल्या इंदुरातल्या कित्येक सुनांचे माहेर पुण्या-नागपुरास, तर लेकी बंगळूरास. तेव्हा माहेरातले चांगले तेवढे समाजाने उचलावे.

त्यासाठी आमच्या सूचना अशा :

१. सभागृहात मूल पाजण्यासाठी कडीची एक खोली, हाताची खुर्ची, पंखा व पिण्याचे पाणी असावे. बारशाच्या दिवशीही आईला भांड्यांच्या कोठीत बसावे लागू नये.

२. बाळंतिणीच्या घरी चाळीस दिवस पाळीपाळीने जेवणाचा डबा पोहोचवावा. भेटीस जाणाऱ्याने डबा न्यावा, प्रश्न नेऊ नये.

३. अनुभवी भगिनींना परिचारिकेकडून शिक्षण देऊन त्यांचे दूरध्वनी क्रमांक कार्यालयात लावावेत.

४. बापांसाठी वर्ग घ्यावा. दुपटी बदलणे, ढेकर काढणे, रात्री मूल खांद्यावर घेणे, यास मिशा आड येत नाहीत.

५. संस्थेतील स्त्री-सेवकांस प्रसूतीची पगारी रजा द्यावी व सभासदांनी घरच्या बाईंसही ती द्यावी.

आजारपण, औषधे किंवा अन्य कारणाने डब्याचे दूध द्यावे लागणाऱ्या आईकडे कोणी वाकड्या नजरेने पाहू नये. उकळलेले पाणी, डब्यावरील बरोबर माप व स्वच्छ वाटी-चमचा, एवढी मदत तिला द्यावी. बाळंतिणीची उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर तो तिचा स्वभाव न मानता डॉक्टरांस दाखवावे.

पन्नास वर्षांत आपण सभागृह बांधले, शिष्यवृत्त्या दिल्या. या सूचनांना त्या मानाने फारच थोडा पैसा लागेल. कार्यकारी मंडळाने येत्या सभेत निदान पहिल्या दोन तरी मंजूर कराव्यात, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.